शेतात सापडणाऱ्या जुन्या नाण्यांसाठी धातुशोधक यंत्र घ्यावे का?

प्रश्न : ओढ्याकाठचा

नमस्कार. जुन्नर तालुक्यात ओढ्याच्या काठाला आमची वडिलोपार्जित शेती असून सातबाऱ्यावर वडिलांचे व चुलत्यांचे नाव आहे. शेताच्या वरच्या अंगाला, साधारण अर्ध्या एकराच्या पट्ट्यात, माती काळी नसून राखेसारखी पांढुरकी आहे. तेथे खापरांचे तुकडे पुष्कळ दिसतात, आणि उन्हाळी नांगरट होऊन पहिला वळवाचा पाऊस पडला की धुतल्या गेलेल्या ढेकळांमध्ये कधी कधी एखादे नाणेही मिळते. आजोबांनी अशी नाणी वेळोवेळी उचलून एका पितळी डब्यात ठेवली होती. त्यांतील काही तांब्याची असून त्यांच्यावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरे स्पष्ट वाचता येतात. दुसरी काही बरीच लहान, काळपट, ओतीव दिसणारी आहेत. त्यांच्या एका बाजूला हत्ती आहे व दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हासारखी आकृती असून तिच्या चारही टोकांना वर्तुळे आहेत.

इंग्लंडमधील छांदिष्ट लोक हातात यंत्र घेऊन शेते धुंडाळतात आणि नाणी शोधतात, अशा चित्रफिती मी बऱ्याच दिवसांपासून पाहत आलो आहे. आपल्याच शेतात, कोणाला उपद्रव न देता, सुट्टीच्या दिवशी हा छंद करावा असे मनात आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडे हे कायद्याने चालते का? आपल्या जमिनीत कोणत्या प्रकारचे यंत्र उपयोगी पडते? आणि नाणी स्वच्छ कशी करावीत? नाणी विकण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रतिसाद : दप्तरी

महसूल खात्यात बरीच वर्षे काढलेली असल्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

धातुशोधक यंत्र बाळगण्याविषयी किंवा ते स्वतःच्या शेतात फिरवण्याविषयी जुन्या कायद्यात अवाक्षर नाही, आणि ते असणे शक्यही नव्हते. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी ग्रॅहम बेल यांनी विजेवर चालणारे असे साधन वापरून पाहिले ते १८८१ साली. म्हणून कायदा यंत्राकडे पाहत नाही, तर जे सापडते त्याकडे पाहतो. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे ‘निधी’ अशी त्याची व्यापक व्याख्या आहे. तिचे मोल दहा रुपयांपेक्षा अधिक असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. वस्तू काय आहे, अंदाजे किती मोलाची आहे, कोठे व कोणत्या तारखेला सापडली, हे त्यात लिहायचे असते. शिवाय ती सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा मागितली जाईल तेव्हा हजर करण्याची हमी द्यावी लागते. दहा रुपयांची ती मर्यादा १८७८ च्या रुपयाची आहे, परंतु आजही तीच लागू असल्यामुळे व्यवहारात प्रत्येक शिवराई, म्हणजे आपल्या डब्यातले ‘श्री राजा शिव’ अक्षरांचे तांब्याचे नाणे, ती मर्यादा ओलांडते.

कळवल्यावर पुढे काय होते, याची लोकांना फारशी माहिती नसते आणि भीती मात्र पुष्कळ असते. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून हक्क सांगणाऱ्यांना बोलावतात. सुनावणीची तारीख सूचनेपासून चार महिन्यांच्या आत किंवा सहा महिन्यांच्या पुढे ठेवता येत नाही. गेल्या शंभर वर्षांत हा निधी आपण किंवा आपल्या पूर्वजाने पुरला, असे कोणी सिद्ध करू शकले नाही तर तो बेवारस ठरतो. मग सापडणारा आणि जमिनीचा मालक यांच्यात वेगळा करार नसल्यास सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश व मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारला वस्तू स्वतःकडे घ्यायची असेल, तर धातूच्या किमतीवर तिचाच एक पंचमांश अधिक धरून रक्कम द्यावी लागते. याउलट कळवलेच नाही, तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. २०२१ साली पिंपरी-चिंचवड परिसरात चिखली येथे बांधकामाच्या खोदकामात सापडलेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी ताब्यात घेतली, ती कोणी कळवली नव्हती म्हणूनच.

आपल्या बाबतीत चुलत्यांचे नाव सातबाऱ्यावर आहे, हे विसरू नये. यंत्र घेण्याआधी त्यांची लेखी संमती घ्यावी. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखाली ‘पुरावस्तू’ ठरते. ते परदेशी पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्यावाचून करता येत नाही. संरक्षित स्मारक किंवा स्थळ असेल तेथे परवान्यावाचून खोदणे हा सरळ गुन्हा आहे. त्यामुळे शिवनेरीच्या किंवा लेण्यांच्या आसपास यंत्र घेऊन नुसते फिरण्याचाही विचार करू नये.

आणखी एक गोष्ट कायद्याबाहेरची आहे. आपल्याकडे गावात यंत्र घेऊन वाकून चालणारा माणूस दिसला की ‘गुप्तधन’ हाच शब्द प्रथम लोकांच्या तोंडी येतो, आणि गुप्तधनाच्या नावाखाली काय काय झाले आहे हे माहीत असल्यामुळेच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा समावेश करावा लागला. २०२५ च्या मार्च महिन्यात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी, एका चित्रपटावरून उठलेल्या अफवेमुळे, माणसे रात्रीच्या वेळी विजेऱ्या आणि धातुशोधक घेऊन शेते उकरत होती. त्या गर्दीत आपण नसलो, तरी पाहणाऱ्याला तो फरक कळत नाही. म्हणून दिवसाउजेडी जावे आणि पोलीस पाटलांच्या कानावर घालून जावे.

प्रतिसाद : केंटवासी

मी नोकरीनिमित्त इंग्लंडच्या आग्नेय भागात राहतो आणि हा छंद येथे नियमाने करतो. चित्रफितींमध्ये नाणे मातीतून वर येण्याचा क्षण दिसतो; त्याच्या आधीचा आणि नंतरचा कागदोपत्री व्यवहार दाखवला जात नाही, म्हणून थोडे सांगतो.

येथे शेतमालकाच्या परवानगीवाचून पाऊलही टाकता येत नाही, आणि संरक्षित प्राचीन स्थळावर सरकारी परवानगीशिवाय यंत्र वापरणे हाच १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे; तेथे खणले की नाही, हा प्रश्नच येत नाही. ३०० वर्षांहून जुनी सोन्याची किंवा चांदीची दोन नाणी एकाच ठेव्यातील असली, तर १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे १४ दिवसांच्या आत कळवावे लागते. त्याखेरीज किरकोळ सापडलेल्या वस्तूंची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या योजनेत करता येते. ही नोंद ऐच्छिक असली, तरी बहुतेक जबाबदार मंडळी ती करतात. प्रत्येक भागासाठी एक अधिकारी नेमलेला असतो, तो वस्तू पाहतो, मोजतो, छायाचित्र घेऊन परत देतो. आपल्याकडे असा अधिकारीच नाही, आणि माझ्या मते दोन्ही देशांतील खरा फरक येथेच आहे. यंत्र कुरियरने घरी येईल. नोंद घेणारा माणूस कोठून आणणार?

आता यंत्राविषयी. साधारण सर्व छंदी लोकांची यंत्रे एकाच तत्त्वावर चालतात. तबकडीतील वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडले जाते, त्यामुळे धातूत प्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचे प्रत्युत्तर दुसरे वेटोळे टिपते. प्रत्युत्तराच्या विलंबावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवते व निरनिराळा सूर काढते. नाण्याएवढी वस्तू बहुधा १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंत कळते. ‘दहा फूट खोल सोने दाखवणारे’ म्हणून जे विकले जाते त्याच्या नादी लागू नये. जमीन लोहयुक्त असेल तर हा सगळा हिशेब बिघडतो, आणि आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट खडक व त्यापासून झालेली माती नेमकी तशी आहे. तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असल्यामुळे स्वस्तातले एका वारंवारतेचे यंत्र सतत कुरकुरत राहते. ज्यावर जमिनीनुसार समतोल साधण्याची सोय, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, हाताने करता येते असे, शक्य तर एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे यंत्र पाहावे. ऑस्ट्रेलियाची मिनलॅब, तुर्कस्तानची नोक्ता, फ्रान्सची एक्सपी आणि अमेरिकेची गॅरेट ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत.

शिवराईसारखे जाड तांब्याचे नाणे वरच्या आकड्यांत, ठसठशीत सुरात बोलते. हत्ती असलेली तुमची लहान नाणी बहुधा पोटीनची असावीत, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची. येथे केंटमध्ये रोमनपूर्व काळातील केल्टिक पोटीन नाणी सापडतात, ती यंत्रावर अगदी खालच्या आकड्यांत, चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या शेजारी उमटतात. कचरा टाळण्यासाठी ते आकडे बंद करून ठेवले, की नेमकी हीच नाणी सुटतात. शेतात बैलांच्या पत्र्या, तारांचे तुकडे, ट्रॅक्टरचे नटबोल्ट इतके निघतील की पहिले काही आठवडे तुम्ही भंगार गोळा करत आहात असेच घरच्यांना वाटेल.

प्रतिसाद : खापरखूण

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत. मात्र मूळ प्रश्नातील एका वाक्याकडे दोघांचेही दुर्लक्ष झाले आहे आणि मला तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते: राखेसारखी पांढुरकी माती, भरपूर खापरे, आणि शेजारी ओढा. ही पांढर आहे. गावाच्या व्यवहारात लागवडीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. दख्खनमधील पुरातत्त्वज्ञांनी प्राचीन वस्त्या शोधल्या त्या मुख्यतः अशा पांढरीच्या टेकाडांवरूनच. शेकडो वर्षांची चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, हाडे आणि शेण यांच्या थरांनी ती बनते. तुमच्या शेतात शिवराई आणि हत्तीचे नाणे अशी दोन्ही मिळतात, त्या अर्थी तेथे किंवा आसपास फार दीर्घ काळ माणसांचा वावर असला पाहिजे.

हत्ती आणि उलट बाजूला चार वर्तुळांचे चिन्ह, ज्याला अभ्यासक उज्जयिनी चिन्ह म्हणतात, असे पोटीन नाणे सातवाहनांचे असते. जुन्नर हे त्या काळातील मोठे ठाणे होते. नाणेघाटाने कोकणातून येणारा माल येथूनच पुढे जाई. मनमोडीच्या डोंगरातील एका लेखात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचे नाव ४६ या वर्षाच्या उल्लेखासह आले आहे, म्हणजे हा प्रदेश काही काळ क्षत्रपांकडेही होता. मग तो पुन्हा सातवाहनांकडे गेला हे आपण कशावरून म्हणतो? नाशिकच्या लेण्यातील लेख हा एक आधार आहे, आणि दुसरा आहे जोगलटेंभीचा निधी. नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. शत्रूचे चलन आपल्या शिक्क्याने चालू केले, हे त्या ढिगाने सांगितले. यांतील एखादे नाणे पुण्याच्या जुन्या बाजारात सुटे मिळाले असते, तर ते केवळ एक ठसा मारलेले नाणे ठरले असते. प्रमाण किती, मिश्रण कसे, एकाच वेळी पुरले की टप्प्याटप्प्याने, यांतले काहीही कळले नसते.

उलट उदाहरणही आहे. १९४६ साली राजस्थानात भरतपूरजवळ गुप्त राजांच्या सुवर्णमुद्रांचा बयाना निधी मिळाला, तेव्हा अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच काही नाणी गावात वाटली जाऊन वितळली. उरलेल्या १८२१ नाण्यांचा अभ्यास करून आपल्या कोल्हापूरकडच्या अनंत सदाशिव अळतेकरांनी त्यांची सूची सिद्ध केली. ती सूची आजही आधारभूत आहे, परंतु वितळलेल्यांत एखादा अन्यत्र न मिळणारा प्रकार होता का, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

या सर्वाचा तुमच्या छंदाशी संबंध असा. यंत्र सूर काढते, माणूस खड्डा घेतो आणि नाणे उचलतो. त्या खड्ड्यात ज्या थरात ते नाणे होते तो थर, त्याच्या बरोबरची खापरे, चुलीची राख हे सगळे कालवले जाते. नांगराच्या फाळापर्यंतची माती आधीच उलटीपालटी झालेली असते, म्हणून तेथून वर आलेले नाणे उचलण्याने फारसे बिघडत नाही. त्याखालील अस्पर्श थराची गोष्ट वेगळी. नांगर साधारण वीतभर खाली जातो आणि केंटवासी म्हणतात त्याप्रमाणे यंत्र २५ सेंटिमीटरपर्यंत ऐकते. त्यामुळे कोणता सूर वरच्या मातीतला आणि कोणता खालच्या थरातला, हे तेथे उभे राहून ठरवता येणार नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पांढरीच्या पट्ट्यात यंत्र मुळीच वापरू नये. उरलेल्या काळ्या शेतात, घरच्यांच्या संमतीने, नांगराच्या खोलीपर्यंत शोधायला हरकत दिसत नाही.

उपप्रश्न : ओढ्याकाठचा

सर्वांचे आभार. पांढरीविषयी वाचून थोडा हिरमुसलो, कारण नाणी मिळतात ती तेथेच. तरीही एक गोष्ट पटत नाही. आमच्या शेजारच्या बांधापलीकडे याच पांढरीचा उंच भाग होता. तेथील माती खत म्हणून चांगली असते, असे म्हणून जेसीबी लावून ती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी नेली जाते आणि लोकांच्या मळ्यांत पसरली जाते. त्यात किती नाणी गेली असतील हे कोणी विचारत नाही. मग मी हातभर खुरप्याने एक खड्डा घेतला तर ते मात्र वाईट, असे कसे? शिवाय कळवायला जावे तर जमीन सरकारजमा होईल, विहीर खणता येणार नाही, अशी वडिलांना धास्ती आहे.

प्रतिसाद : दप्तरी

वडिलांची धास्ती समजण्यासारखी आहे, पण निधी कळवणे आणि स्थळ संरक्षित होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एखादे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून संरक्षित करायचे असेल, तर आधी दोन महिन्यांच्या मुदतीची सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. तशी अधिसूचना झाल्यावर मात्र संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, हे खरे आहे. चार नाणी आणि खापरे सापडली म्हणून कोणी अशी अधिसूचना काढत नाही. तसे असते तर निम्मा महाराष्ट्र संरक्षित झाला असता.

अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवून तिच्यावर पोच घ्यावी. कार्यालयात अशा अर्जाचे काय करायचे हे समोरच्याला ठाऊक नसण्याचा संभव मोठा आहे, तेव्हा अर्जात कायद्याचे नाव व वर्ष लिहिलेले बरे.

प्रतिसाद : खापरखूण

जेसीबीविषयीचा तुमचा राग रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. दख्खनमधील कित्येक टेकाडे अशीच खतासाठी गेली आहेत. पण ज्या अर्थी शेजारचा भाग गेला, त्या अर्थी तुमच्या शेतातला अर्धा एकर हाच त्या वस्तीचा उरलेला पुरावा असण्याची शक्यता आहे, आणि खुरप्याचा विचार मी त्या बाजूने करतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला छायाचित्रांसह पत्र लिहावे. कापलेल्या टेकाडाची उभी कड अजून दिसत असेल, तर तिचे छायाचित्र सर्वांत आधी काढावे, कारण तिच्यात थर न खणताच दिसतात.

तुमच्या छंदासाठी यंत्राहून उपयुक्त साधन आहे: वळवाच्या पावसानंतरची तिरपी उन्हे. सकाळी सूर्याकडे तोंड करून सरीमागून सरी सावकाश चालावे. सापडलेली वस्तू उचलण्याआधी शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपावेत, आणि गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर, माती काळी की पांढरी हे वहीत लिहून नाण्याच्या पाकिटावर तोच क्रमांक घालावा. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातील हॉक्सन येथे १९९२ साली शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधताना एका गृहस्थांना रोमन निधी लागला. काही वस्तू वर काढल्यावर त्यांनी खणणे थांबवून कळवले, त्यामुळे सुमारे पंधरा हजार नाण्यांबरोबर ती ज्या लाकडी पेटीत होती तिचे अवशेषही जागच्या जागी नोंदवता आले. तुम्हाला एकाच जागी दोन-तीन नाणी चिकटलेली किंवा मडक्याचा काठ दिसला, तर तेथेच थांबावे.

स्वच्छतेचा प्रश्न राहिला होता. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, तारेची घासणी यांपैकी काहीही लावू नये. तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा-तपकिरी थर हा मळ नसून त्याच्याच आधाराने अक्षरे टिकलेली असतात. तो गेला की लाल तांबे उघडे पडते आणि नाण्याचे तपशील व किंमत दोन्ही जातात. डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, पाणी अधूनमधून बदलून, मऊ ब्रशने माती सैल करावी व पूर्ण वाळवावे. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर तो क्लोराइडमुळे होणारा क्षय आहे. असे नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवून तज्ज्ञाला दाखवावे. मऊ पीव्हीसीची पाकिटे टाळावीत, आणि एखादे नाणे शिशाचे असेल तर ते लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नये, कारण त्यांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते.

शिवराई नाण्यांविषयी आणखी थोडे. ‘श्री राजा शिव – छत्र पति’ ही अक्षरे राज्याभिषेकानंतर सुरू झाली असली, तरी पुढच्या छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळातही तशीच पाडली जात होती, आणि खेड्यांतून हे चलन पेशवाईनंतरही बरेच टिकले. त्यामुळे तुमची नाणी थेट १६७४ च्या सुमाराची असतील असे गृहीत धरू नये. दोन ओळींच्या मध्ये दुहेरी आडवी रेघ असेल तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे नंतरची. प्रत्येक नाण्याचे ग्रॅममधील वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे येथे दिलीत, तर अक्षरांची ठेवण व कडेच्या ठिपक्यांची मांडणी पाहून प्रकार ओळखायचा प्रयत्न करता येईल. हत्तीच्या नाण्यांवर कडेने ब्राह्मी अक्षरांचे अवशेष असतील, तर तिरप्या उजेडात त्यांची वेगळी छायाचित्रे घ्यावीत. राजाचे नाव त्या कडेलाच असते आणि बहुतेक नाण्यांवर ते अर्धेच उमटलेले असते, म्हणून जेवढी नाणी असतील तेवढी सर्व पाठवावीत.